इस्माईलभाईंचा खुंटा

इस्माईलभाई गेल्याची बातमी मला महाडच्या एसटी स्टँडासमोर, कांदाभजी खाणाऱ्या माणसाच्या तोंडून कळली. माणूस म्हणजे आमच्या सांस्कृतिक मंडळाचे अध्यक्ष बापूसाहेब. त्यांनी मला हातानेच बोलावलं आणि तोंडातला घास गिळायचीही वाट न पाहता म्हणाले, "अहो मास्तर, कळलं ना? तुमचा तो कॅसेटवाला गेला. परवाच." त्यांच्या ओठाच्या कडेला लसणीची चटणी लागली होती. मी त्या चटणीकडेच बघत राहिलो, कारण दुसरीकडे कुठे बघावं ते समजेना. "फार गुणी माणूस हो," ते कागदाला बोटं पुसत म्हणाले, "आपण त्यांच्यावर एक छानसा कार्यक्रम करू या. ते तुमचं डोंगरातलं गाणं होतं ना, ते ठेवू त्यात. लोकांना आवडलं होतं." परवा... म्हणजे दफन होऊन दोन दिवस उलटले होते. माझ्या घरापासून इस्माईलभाईंचं दुकान चालत दहा मिनिटांवर, आणि मला कुणी निरोप धाडला नाही. धाडणार तरी कशाला? नऊ वर्षं मी त्या दुकानाची पायरी चढलो नव्हतो. भज्यांच्या तेलाचा वास नाकात घेऊन घरी आलो आणि मोरीपाशी जाऊन उभा राहिलो. उलटी झाली नाही. झाली असती तर बरं वाटलं असतं.

माणूस गेला की त्याच्याविषयी गोड लिहायची आपल्याकडे पद्धत आहे. मेल्या म्हशीला मणभर दूध. इस्माईलभाईंबद्दल चांगलं लिहायला मला काही ओढूनताणून आणावं लागत नाही, पण त्यांची गोष्ट सांगताना मध्ये मी येतो, आणि मी आलो की गोष्ट नासते. त्याला इलाज नाही. वाचणाऱ्याने नाक मुरडलं तरी चालेल, मी स्वतः गेले पाच आठवडे तेच करतो आहे.

इस्माईलभाई महाडचेच. कुवेतला परदेशी मुलांच्या एका शाळेची बस चालवायचे. नव्वद साली तिथे युद्ध पेटलं तेव्हा आपली कोकणातली माणसं मिळेल त्या वाटेने परत आली. कुणी अंगावरच्या कपड्यांनिशी, कुणी बायकोचं सोनं कमरेला बांधून. इस्माईलभाई आले ते बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात कॅसेटी भरून. बाजारात महिनाभर लोक ह्या एका गोष्टीवर चहा प्यायले. "लोक जीव वाचवून आले, इस्माईल गाणी वाचवून आला," असं म्हणून हसायचे. त्या कॅसेटी त्यांना शाळेतल्या संगीताच्या बाईंनी दिल्या होत्या. बाई आयर्लंडच्या, नाव नोरा. मुलं एकेक करून उतरली की शेवटच्या थांब्यापर्यंत बसमध्ये बाई आणि इस्माईलभाई दोघंच उरायचे आणि टेप चालू असायचा. वाळवंटातल्या त्या रस्त्यावर सात वर्षं रोज अर्धा तास बाईंनी ह्या सातवी पास ड्रायव्हरला आपल्या देशाचं संगीत समजावून सांगितलं. मी संगीताचा पदवीधर, पण इतकी वर्षं चिकाटीने ऐकणारा एकही विद्यार्थी मला मिळाला नाही, आणि मी स्वतः तसा कुणाचा झालो नाही.

परत आल्यावर त्यांनी बाजारपेठेत रेडिओ-टेपच्या दुरुस्तीचं दुकान टाकलं. मी हायस्कूलात मराठी आणि संगीत शिकवायचो. शाळेचा टेपरेकॉर्डर बिघडला म्हणून तो काखोटीला मारून मी पहिल्यांदा तिथे गेलो. आत एक बाई गात होती. साथीला काहीच नाही, तबला नाही, पेटी नाही. भाषा कळण्यासारखी नव्हती. मध्येच श्वास घ्यायला थांबायची ती अशी थांबायची, की पुढची ओळ येते की नाही असं वाटावं. मी विचारलं, "हे काय लावलंय? कुठल्या देशातलं रडगाणं?" इस्माईलभाईंनी वर पाहिलं, हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला, कॅसेट पालटली आणि म्हणाले, "बसा मास्तर. आता ह्यो आयका." आणि ऑर्केस्ट्रा सुरू झाला. आमच्याकडे ऑर्केस्ट्रा म्हणजे गणपतीत सिनेमाची गाणी म्हणणारी मंडळी. हे तसलं नव्हतं. साठ-सत्तर व्हायोलिनं एका श्वासात वाजत होती आणि मधूनच हार्पच्या तारा झुळझुळत होत्या. मी मान डोलवायला लागलो तेव्हा ते हळूच म्हणाले, "तीच चाल हाय ही. त्या बायची. तुमी मगा रडगाणं बोललात ती."

मग मी रोज जायला लागलो. शाळा सुटली की दुकान, हा नेम झाला. त्यांच्याकडून कळलं ते असं, की त्या देशात मूळची भाषा मागे पडत गेली आणि इंग्रजी आली, पण गाणी जुन्या भाषेत शिल्लक राहिली. कोळ्यांच्या, शेतकऱ्यांच्या घरात, म्हाताऱ्यांच्या तोंडी. जुने हार्पवाले, त्यातले कितीतरी आंधळे, ते मरायच्या आत कुणीतरी त्यांच्या चाली कागदावर उतरवून घेतल्या. पुढे कवींनी त्या चालींच्या मापाने कविता लिहिल्या आणि मोठमोठ्या संगीतकारांनी त्या चाली आपल्या रचनांत घेतल्या. "पर घेन्याघेन्यात फरक हाय," इस्माईलभाई म्हणायचे. त्यांच्याकडे दोन कॅसेटी शेजारी शेजारी ठेवलेल्या असत. एकीत दिवाणखान्यातलं गाणं, पियानोच्या साथीवर, सगळे कोपरे घासूनपुसून गुळगुळीत केलेलं. दुसरीत ऑर्केस्ट्रा, पण बाई जिथे श्वासाला थांबली तिथे सगळी व्हायोलिनंही थांबलेली. "ह्यानं गाणं उचलून नेलं," पहिलीवर बोट ठेवून ते म्हणत, "आनि ह्यानं हात जोडून आणलं." त्यांची आणखी एक गोष्ट मला फार आवडायची. त्या देशात संथ चालीचं गाणं नुसतं फिडलवर, म्हणजे तिथल्या व्हायोलिनवर, वाजवायचं असलं, तरी वाजवणाऱ्याला त्याचे शब्द पाठ पाहिजेत. शब्द ठाऊक नसताना चाल वाजवणाऱ्याला तिथले जुने लोक माणसात धरत नाहीत. आणि गायच्या आधी हे गाणं आपण कुणाकडून घेतलं, ते सांगायचं.

एकदा त्यांनी तिथल्या एका फार मोठ्या कवीची हकिगत सांगितली, नोराबाईंकडून ऐकलेली. त्याने एका खेड्यात म्हाताऱ्या बाईच्या तोंडून दोन-तीन ओळी ऐकल्या, बाकीच्या ती विसरली होती. त्याने त्या ओळींवरून आपली कविता रचली, ती देशभर गाजली, चालीवर चढली. आणि पुस्तकात त्याने प्रामाणिकपणे लिहिलं, की अमक्या गावातल्या एका म्हातारीकडून ह्या ओळी मिळाल्या. "गाव लिवलं," इस्माईलभाई म्हणाले, "नाव नाय लिवलं." मी मोठ्याने हसलो होतो. म्हणालो, "एवढा मोठा कवी आणि त्याला साधं नाव विचारता आलं नाही?" हे वाक्य मी उच्चारल्याचं मला लख्ख आठवतं. आठवू नये म्हणून पुष्कळ प्रयत्न करून पाहिले.

सत्त्याण्णव साली एका लग्नाचे लाऊडस्पीकर लावायला इस्माईलभाई पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीवर गेले होते. तिथे हळद दळताना एक बाई गात होती. ते काम संपवून परत आले ते थेट माझ्या घरी. "मास्तर, घावली," एवढंच म्हणाले. पुढच्या रविवारी आम्ही दोघं एसटीने पोलादपूरला गेलो आणि तिथून चालत वर. अडीच तास चढ होता. मी वाटेत तीनदा बसलो, ते टेपरेकॉर्डर खांद्यावर घेऊन पुढे. वाडी म्हणजे दहा-बारा घरं, दारात म्हशी, कुडाला टांगलेली वैरण. बाई साठीच्या पुढची, हाडकुळी, कपाळावर हिरवं गोंदण. आम्हाला बघून लाजली. गा म्हटल्यावर म्हणाली, "हातात खुटा नाय तं गाना कसा येल?" जात्याचा खुंटा. तिच्या घरचं जातं कधीच गोठ्याच्या भिंतीला लागलं होतं, दळण पोलादपूरच्या चक्कीवर जायचं. मग तिच्या सुनेने आणि मी ते जातं ओढून पडवीत आणलं, सुनेने खुंटा ठोकून बसवला आणि सासू-सून समोरासमोर पाय पसरून बसल्या.

दळायला दाणे घेईपर्यंत इस्माईलभाईंनी तिला आयर्लंडमधली एक रीत सांगितली. तिथे जुन्या पद्धतीचं गाणं म्हणताना ऐकणाऱ्यांपैकी कुणीतरी गाणाऱ्याचा हात हातात घेतो आणि गाणं संपेपर्यंत तो हात हळूहळू गोल फिरवत राहतो. का, ते कुणाला नीट ठाऊक नाही. बाईने ऐकलं, सुनेकडे बघितलं आणि म्हणाली, "त्यांचा जातं हरपला आसंल गो. हात तेवढा फिरतोय." इस्माईलभाईंनी मान खाली घातली. डोळे पुसले असावेत. मी वहीत सारेगम लिहायला पेन्सिल काढत होतो, म्हणून नीट पाहिलं नाही.

तिला त्यांनी नाव विचारलं. ती म्हणाली, "कंचं सांगू? माहेरचं का सासरचं?" वाडीवर तिला दोन्हींपैकी एकाही नावाने कुणी हाक मारत नव्हतं. आधी अमक्याची बायको, मग तमक्याची आई, आता म्हातारी. "लगनात भटजीनं ताटातल्या तांदळावर नवं नाव काढलान," ती म्हणाली, "मंग दुसऱ्या दिशी त्याच तांदळाचा भात मीच रांधला." माहेरचं नाव हिरा. इस्माईलभाई तिला त्या घटकेपासून हिराबाय म्हणायला लागले. चाळीसेक वर्षांनी कुणी तिला तसं म्हणत होतं. ती प्रत्येक वेळी पदर तोंडाशी नेऊन हसायची, आणि मग गायला लागली. खूप गायली. त्यातली एक ओवी तिने स्वतः रचलेली होती, लग्नानंतर पहिल्यांदा सावित्री नदीवर धुणं धुताना:

सावित्रीच्या पान्या तुला सांगितलं मी माझं नाव
सासरच्या मान्सांनी इचारलं नुसतं गाव

तिची चाल आमच्या कुठल्याच रागात बसेना. दोन स्वर असे होते की धड इकडचे नाहीत, धड तिकडचे नाहीत. मी पेटीवर बोटं ठेवल्यासारखी गुडघ्यावर ठेवून ते शोधत होतो. इस्माईलभाई मला काहीतरी विचारत होते, मीही काहीतरी उत्तर दिलं. टेप चालूच होता. उतरताना त्यांनी ती कॅसेट माझ्या हातात दिली. "तुमी नोटेशन करा मास्तर, मना ते जमायचं नाय. आनि मंग आपन ते आणू, हात जोडून." तेव्हापासून कॅसेट माझ्याकडेच आहे.

त्यांची योजना साधी होती. माझ्या शाळेतली तीन व्हायोलिनं, एक बासरी, एक पेटी, आणि मध्ये हिराबाई, जात्यासकट. ती थांबेल तिथे सगळ्यांनी थांबायचं. आणि सुरुवातीला माइकवरून तिचं नाव घ्यायचं, माहेरचं, संपूर्ण. हे वचन त्यांनी पुन्हा वाडीवर जाऊन तिला दिलं होतं. अठ्ठ्याण्णवच्या महोत्सवात मंडळाने आम्हाला वीस मिनिटं दिली. मग बैठका सुरू झाल्या. बापूसाहेब म्हणाले, कारखान्याचे पाहुणे पुढच्या रांगेत असणार, त्यांच्यासमोर ती म्हातारी आणि ते जातं बरं दिसणार नाही. मंडळातल्याच एका डॉक्टरांची मुलगी गाते, तिला द्या. मी मान डोलावली. मुलीच्या गळ्याला ते दोन स्वर येईनात, तर मी ते घासून सरळ केले आणि चाल पिलू रागात बसवली. जिथे श्वास होता तिथे बासरीचा तुकडा टाकला. मला वाटलं, सुधारणा केली. शेवटी कार्यक्रमपत्रिकेचा मजकूर द्यायची वेळ आली. मी "गीत" असं लिहून थांबलो, तर बापूसाहेब म्हणाले, "अहो, लोकगीताला कसलं आलंय नाव? लोकगीत लोकांचं. एकाचं नाव घातलं की ते लहान होतं." किती उदात्त विचार! मला तो चटकन पटला, कारण त्याखालच्या ओळीत "संगीत" असं होतं आणि तिथे घालायला माझ्याकडे नाव होतं. मी माझ्या हाताने, माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं: गीत, पारंपरिक (पोलादपूर). आणि खाली माझं नाव, पदवीसकट. इस्माईलभाईंना छापील पत्रिका दाखवायचं मी टाळलं. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, ही विद्या मला मुळातच चांगली येते.

कार्यक्रम दुपारचा होता. हिराबाईला मंचावर घ्यायचं नाही हे इस्माईलभाईंना आदल्या दिवशी कळलं होतं. मी त्यांना सांगितलं, "नाव तर घेणारच आहेत." खोटं बोललो. ती सुनेला घेऊन सकाळी डोंगर उतरून आली, हातात नव्या हिरव्या बांगड्या, आणि शेवटच्या रांगेत इस्माईलभाईंच्या शेजारी बसली. मुलगी गोड गायली. टाळ्या पडल्या. पाहुण्यांनी माझा हात हातात घेऊन दाबला. मंचावर मला नारळ मिळाला, शाल मिळाली, पुष्पगुच्छ मिळाला. पुढचे दोन कार्यक्रम झाले, आभार झाले, लोक उठले. हिराबाई उठेना. तिथे काय बोलणं झालं ते मला पुष्कळ नंतर कळलं. तिने विचारलं, "भाई, माझं नाव कवा घेतील?" इस्माईलभाई म्हणाले, "थांबा हिराबाय, शेवटी घेतील." ती दोघं आणि सून तशीच बसून राहिली. मांडववाल्यांनी पुढून खुर्च्या मिटायला सुरुवात केली, मिटत मिटत त्यांच्यापर्यंत आले, तेव्हा ती उठली. हे सगळं मी मंचामागून पाहत होतो. माझ्या हातात बटाटावडा होता. मी पाठ फिरवली आणि तो खाल्ला... संपूर्ण खाल्ला. त्या वड्याची चव माझ्या तोंडातून अजून गेलेली नाही.

दुसऱ्या दिवशी इस्माईलभाई शाळेत आले. तासाला जात होतो, व्हरांड्यात गाठलं. मी आवाज चढायची वाट पाहत होतो, चढला असता तर मलाही चार शब्द सुनावता आले असते. त्यांनी कार्यक्रमपत्रिका उघडून माझ्यासमोर धरली, "पोलादपूर" ह्या शब्दाखाली काळपट नख ठेवलं आणि म्हणाले, "मास्तर, तुमी चाल लिवलीत. शब्द नाय वाचलंत." बस, एवढंच. पत्रिकेची घडी घातली, माझ्या खिशात ठेवली आणि गेले. मी वर्गात गेलो आणि मुलांना "आत्मवृत्त" ह्या विषयावर निबंध लिहायला सांगून खुर्चीत बसून राहिलो.

त्यानंतर मी दुकानाचा रस्ता सोडला. ते मात्र थांबले नाहीत, हे मला लोकांकडून कळत होतं. रविवारी दुकान बंद ठेवून डोंगरातल्या वाड्यावाड्यांवर जायचे, बायकांची गाणी भरून आणायचे. प्रत्येक कॅसेटच्या सुरुवातीला स्वतःच्या आवाजात नाव सांगायचे, बाईचं माहेरचं, बापाचं, मग सासरचं, दोन्ही गावं. लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. आणि मग दोन हजार पाचचा पूर आला. सावित्रीचं पाणी बाजारात शिरलं, त्यांच्या दुकानात माळ्यापर्यंत चढलं. ओसरल्यावर चौथ्या दिवशी मी त्या बाजूला गेलो. इस्माईलभाई दारात बसून चिखलातून कॅसेटी काढत होते, एकेक उघडून फीत बादलीत धुवत होते आणि दोरीवर वाळत घालत होते. सगळं दार त्या काळ्या फितींनी भरून गेलं होतं. मी समोरच्या बाजूला उभा राहून बघितलं. हिराबाईची कॅसेट माझ्या माडीवरच्या कपाटात कोरडी ठणठणीत होती. चार पावलं टाकून एवढंच सांगायचं होतं. मी मूग गिळून छत्रीआडून निघून आलो. कोणत्या तोंडाने जायचं, असं मनाशी म्हणालो. माणूस कुजत चालला की असलीच सभ्य वाक्यं त्याला सुचतात.

शोकसभा झाली, गेल्या पंधरवड्यात. मागे फलक, फलकावर इस्माईलभाईंचा असा गुळगुळीत करून छापलेला फोटो की त्यांच्या बायकोने, रुकय्याभाभींनी, तो पाहून तोंड फिरवलं. ज्यांनी त्यांना कधी दुकानाच्या आत येऊन नमस्कार केला नव्हता, ते "आमचे स्नेही" म्हणून गहिवरले. एकाने त्यांना "लोककलेचा कैवारी" केलं, दुसऱ्याने "सागरापलीकडचा सेतू". बापूसाहेबांनी डोळ्यांना रुमाल लावला आणि रुमालाआडून घड्याळ पाहिलं. मग निवेदिकेने गोड आवाजात सांगितलं, की आता त्यांच्या आवडीची एक पारंपरिक धून सादर होईल. व्हायोलिन घेऊन मी उठलो. आज तरी, असं ठरवूनच गेलो होतो. माइकपाशी जाऊन म्हणालो, "ही पारंपरिक धून नाही. हे गाणं एका बाईचं आहे. त्यांचं नाव हिराबाई..." आणि थांबलो. पुढे मला काही ठाऊकच नव्हतं. कोणाची हिरा, माहेर कुठलं, बापाचं नाव काय? पाचशे लोकांसमोर माझं तोंड उघडं राहिलं आणि त्यातून शब्द निघाला, "पोलादपूरच्या." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी व्हायोलिन न वाजवता खाली उतरलो, तर बापूसाहेब शेजाऱ्याला म्हणाले, "भरून आलं हो मास्तरांना."

तिथून मी सरळ दुकानात गेलो. नऊ वर्षांनी पायरी चढलो. तिथे आता त्यांचा मुलगा आसिफ मोबाइल विकतो. "या मास्तर," एवढंच म्हणाला. मी त्याच्याकडे टेपरेकॉर्डर मागितला, कारण माझ्याकडचा कधीच गेला होता. तो शोधायला आत गेला तेव्हा मला काउंटरच्या कोपऱ्यात एक लाकूड दिसलं. वीतभर लांब, वरचा भाग हातांनी घासून घासून गुळगुळीत झालेला. जात्याचा खुंटा. आसिफने सांगितलं, पुरानंतर अब्बा पुन्हा वाडीवर गेले होते, हिराबाईची गाणी पुन्हा भरायला. ती त्याच साली, शिमग्याच्या सुमारास वारली होती. सुनेने त्यांना चहा पाजला आणि निघताना हा खुंटा काढून दिला. "नंतर अब्बांचा रोजचाच झाला," आसिफ म्हणाला. "ती परदेशी गाणी लावायची, डोले मिटायचे, नि ह्यो हातात धरून असा असा फिरवीत बसायचे. गिऱ्हाईक आला तरी गाना संपल्याबिगर उठत नव्हते." त्याने टेपरेकॉर्डर दिला आणि मी न मागता खुंटाही पिशवीत घातला. म्हणाला, "न्या तुमी. अब्बा बोलायचे, मास्तर येतील कवा तरी."

घरी येऊन मी माडीवरचं कपाट उघडलं. सत्त्याण्णवची वही काढली. त्या रविवारच्या पानावर सुंदर अक्षरात सारेगम आहे, कोमल-तीव्राच्या खुणांसह. वर डाव्या कोपऱ्यात एकच शब्द, पोलादपूर. मग कॅसेट लावली. नऊ वर्षं लावली नव्हती. आधी म्हशीच्या गळ्यातली घंटा, मग जातं ओढल्याची घरघर, मग इस्माईलभाईंचा आवाज, चढ चढून आल्यामुळे थोडा धापा टाकणारा. ते सावकाश, एकेक शब्द सुटा करून नाव सांगतात. हिराबाई मागून हसते. मग पहिलं गाणं, आणि ते संपताच इस्माईलभाई म्हणतात, "नाव लिवलंत का, मास्तर?" आणि त्यावर एक आवाज येतो. सुशिक्षित, शुद्ध, जरासा वैतागलेला. "हो हो, लिहिलं."

तो आवाज मला सहन होत नाही. मी तेवढाच तुकडा मागे नेऊन नेऊन पुष्कळदा ऐकला, हातात खुंटा धरून. मग वहीचं ते पान काढलं. आता लिहितोय, इस्माईलभाई.

हिरा. बाप धोंडू. माहेर बोरीचा कोंड. सासरी नाव लक्ष्मी, गाव माळाची वाडी. गाणं तिचं.